शेजारचं झाड छान, माझं का नाही? वाचकांचे प्रश्न, थंडी विशेष

दिवाळी उरकली, गारठा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर साधारण सारखाच असतो. माती तीच, खत तेच, पाणी तेवढंच, तरी तिच्याकडे झाड फुललंय आणि माझ्याकडे झडलंय. मग खत बदलून बघतात, औषध मारून बघतात, शेवटी झाडच बदलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी कुंडी कुठे ठेवलीय ते बघा. मोबाईलवर दिसतं ते शहराचं हवामान असतं, तुमच्या खिडकीतलं, टेरेसवरच्या कोपऱ्यातलं किंवा शेताच्या खालच्या बांधाजवळचं हवामान वेगळं असतं आणि झाड त्यातच जगत असतं. म्हणून यावेळी अशा सगळ्या प्रश्नांना एकत्र घेतलंय.

ताई, मी पाषाणला राहते, बहीण मगरपट्ट्याला. दोघींनी एकाच नर्सरीतून अडेनियम आणले. गेल्या जानेवारीत तिचं पानांनी भरलेलं होतं, माझी सगळी पानं पिवळी होऊन गळाली आणि खोड पण मऊ लागायला लागलं. यावर्षी आधीपासून खत वाढवू का? (वाचक, पाषाण)

नको, खत अजिबात वाढवू नका, थंडीत तर देऊच नका. थंडीत पेपरला पुण्याच्या वेगवेगळ्या भागांचं किमान तापमान येतं ना, ती यादी जरा रोज बघत जा. पाषाण, शिवाजीनगर, हवेली, एनडीए ही नावं खालच्या आकड्यांत असतात आणि मगरपट्टा, वडगावशेरी, चिंचवड वरच्या. कित्येकदा एकाच पहाटे दोन भागांत 5-6 अंशांचा फरक असतो, म्हणजे तुमच्याकडे 10 असताना बहिणीकडे 16 असू शकतं. मगरपट्ट्याच्या बाजूला इमारती दाट, दिवसभर तापलेलं सिमेंट आणि डांबर रात्रभर ती उष्णता हळूहळू सोडत राहतं, वर उंच इमारतींमुळे आकाश कमी दिसतं त्यामुळे जमिनीची उष्णता पटकन वर निघून जात नाही. तुमच्याकडे टेकड्या, मोकळी जागा, झाडी. रात्री टेकडीच्या उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि खाली उतरून सखल भागात साचते. राहायला तुमचाच भाग चांगला हो, पण अडेनियमला तो जानेवारीत मानवत नाही.

हे झाड मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातल्या उष्ण भागातलं. रात्री 10-12 अंशांच्या खाली जायला लागल्या की ते पानं टाकून झोपी जातं. झोपलेलं झाड पाणी पीत नाही, आणि आपण पानं गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवतो, तिथेच मुळं कुजतात. आता खोड दाबून बघा. थोडं पिचकलेलं असेल पण रंग नीट असेल तर काही नाही, ते फक्त साठवलेलं पाणी वापरतंय. मातीजवळ तपकिरी, ओलसर, गिळगिळीत लागलं तर मात्र लगेच कुंडीतून काढा, कुजलेला भाग स्वच्छ सुरीने कापून टाका आणि आठवडाभर तरी सावलीत तसंच सुकू द्या, मग कोरड्या मिश्रणात लावा. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळपास बंद, कुंडी दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवा, फरशीवर थेट नको, दोन विटांवर. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री झाडाला ऊब देते. फेब्रुवारीच्या शेवटी नवे कोंब दिसले की पाणी आणि खत सुरू. बहिणीकडच्या पाण्याचं वेळापत्रक तुमच्याकडे चालणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आमची बाल्कनी उत्तरेला आहे, 17 वा मजला. ऊन येत नाही म्हणून सगळी सावलीतली झाडं लावली, वर्षभर मस्त होती आणि मे महिन्यात सगळ्यांची पानं भाजली. उत्तरेला ऊन येतंच कसं? (वाचक, गोरेगाव)

हा प्रश्न मला फार आवडला कारण बाल्कनीच्या बागेबद्दलचा हा गैरसमज खूप जणांना असतो. उत्तरेला ऊन येत नाही हा नियम युरोप-अमेरिकेसाठी लिहिलेल्या माहितीतून आपल्याकडे आलाय. मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो, त्यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. त्यातून मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो पण पूर्व-पश्चिमेच्या थोडा उत्तरेलाच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन तुमच्या बाल्कनीत थेट आत येतं. जून-जुलैत ढग असतात म्हणून आपल्याला ते जाणवत नाही, एप्रिलच्या शेवटापासून पाऊस सुरू होईपर्यंतचा काळ तेवढा वाईट. नऊ-दहा महिने सावलीत वाढलेली कोवळी पानं अचानक त्या उन्हात आली की भाजणारच. तेवढ्या दिवसांपुरतं 50 टक्क्यांचं हिरवं शेडनेट बांधा किंवा कुंड्या दोन फूट आत ओढा, बाकी वर्षभर काही करायची गरज नाही.

दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनीही वाचा. तुमच्याकडे उलटं असतं, डिसेंबरमध्ये दुपारी सूर्य दक्षिणेकडे 47-48 अंशांवरच असतो त्यामुळे ऊन बाल्कनीत खोल आत येतं आणि जूनमध्ये नाहीसंच होतं. म्हणजे मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, मिरची ही सगळी हौस दक्षिणेला हिवाळ्यातच भागवून घ्यायची.

आता 17 वा मजला. वर वारा खालच्यापेक्षा बराच जास्त असतो, दुपारनंतर समुद्राकडून येतो आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर अजून जोरात होतो. पानांच्या कडा वाळणं हे कित्येकदा उन्हाचं नसून वाऱ्याचं काम असतं, मुळं पाणी देतात त्यापेक्षा वारा जास्त ओढून घेतो. त्यावर उपाय म्हणून काहीजण प्लास्टिकचा किंवा अ‍ॅक्रेलिकचा सलग पत्रा लावतात, तो लावू नका. सलग पत्र्यावरून वारा उडी मारतो आणि मागे भोवरे करतो, कुंड्या पडतात त्या याच्यामुळेच. जाळी अर्धा वारा आत सोडते आणि त्याचा जोर मोडते, तेच हवंय आपल्याला. आणि कठड्यावर कुंड्या ठेवू नका, कितीही बांधलेल्या असल्या तरी, खाली माणसं चालतात.

आमचं रान नदीकडे उतरतं आहे. घराजवळची पपई हिरवीगार राहते आणि खालच्या बांधाजवळची दरवर्षी थंडीत करपते. द्राक्षाचं पण खालच्या ओळीत मणी फुगत नाहीत. जमीन एकच आहे, तपासणी पण केली. (वाचक, निफाड तालुका)

दादा, माती तपासली ते चांगलंच केलंत, पण तुमचं उत्तर हवेत आहे. राज्यात सगळ्यात कमी तापमान कुठे याची बातमी आली की निफाडचं नाव असतंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर 5 अंशांच्या खालचे आकडे कितीतरी वेळा नोंदले गेलेत. गोदावरी-कादवाचं सपाट, सखल, मोकळं खोरं, कोरडी हवा आणि उत्तरेचा वारा, हे सगळं तिथे एकत्र येतं. आणि तालुक्यात जे घडतं तेच तुमच्या रानात छोट्या मापात घडतं.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला अशा रात्री जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत खाली जाते आणि जिथे अडेल तिथे साचते. तुमच्या खालच्या बांधावर कुंपण किंवा झाडीची दाट रांग आहे का ते बघा, असेल तर तिथे थंडीचं तळंच होत असणार. कुंपणाचा खालचा हात-दोन हात भाग एक-दोन ठिकाणी मोकळा करा, म्हणजे गार हवा नदीकडे निघून जाईल. हे बिनपैशाचं काम आहे आणि सगळ्यात आधी करण्यासारखं आहे. वरच्या बाजूने येणारी गार हवा अडवायला मात्र दाट कुंपण उपयोगी पडतं, म्हणजे दाटी वर आणि मोकळीक खाली असं हवं. आता बरोबर उलटं झालेलं दिसतं बऱ्याच ठिकाणी.

दुसरं पाणी. विहिरीचं पाणी थंडीत पहाटे कोमट लागतं हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून तर रात्रीचं पाणी देतात. शिवाय ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर देते, कोरडी भुसभुशीत जमीन तेवढी देत नाही. म्हणून थंडीची लाट येणार असं कळलं की आदल्या दिवशीच रान ओलं असू द्या. एक गोष्ट मात्र लोकांना पटत नाही. पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन एरवी उत्तम, पण ते जमिनीची उष्णता खालीच धरून ठेवतं आणि वरची हवा अजून गार होते. मुळं सुखात आणि शेंडा करपतो. लहान रोपं असतील तर लाटेच्या तीन-चार रात्रींपुरतं ते खोडापासून बाजूला ओढा, नंतर परत सारा.

शेकोट्या करता ना तुम्ही लोक बागेत, त्याही एक मोठी पेटवण्यापेक्षा लहान लहान बऱ्याच ठिकाणी करा. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढते. पपईच्या रोपांवर गोणपाट किंवा जुनी साडी काठ्यांवर टाका, पानाला टेकू देऊ नका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिक नको, ते जिथे पानाला टेकतं तिथेच पान जळतं. आणि खरं सांगायचं तर पपई आणि केळी खालच्या बांधाला लावूच नका. तिथे गहू, हरभरा, कांदा घ्या, त्यांना ती थंडी हवीच असते. घराजवळची पपई टिकते कारण ती उतारावर वर आहे आणि मागे भिंत आहे, तिथे अजून चार झाडांना जागा होत असेल तर बघा.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची शेतं बघून आलो, आम्ही वाईला राहतो म्हणजे डोंगर उतरलं की घर. टेरेसवर स्ट्रॉबेरी येईल का? (वाचक, वाई)

येईल, पण डोंगर उतरलं की घर हे रस्त्याचं झालं, हवामान त्या घाटात दोनदा बदलतं. महाबळेश्वर साधारण 1370 मीटरवर आणि वाई 700 च्या आसपास, दर 1000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी बदलतं या हिशोबाने तुमच्याकडे 4 अंश जास्त. पावसाचा फरक तर अजून मोठा, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि वाईला हजाराच्याही आत. पश्चिमेच्या कड्यावर ढग चढताना रिकामे होतात आणि तुमच्याकडे येतात ते उरलेसुरले.

महाबळेश्वरातही सगळीकडे एक हवा नाही. दवबिंदू गोठले अशी बातमी येते ती वेण्णा लेक आणि लिंगमळ्याच्या भागातून, तेव्हा बाजारपेठेत पारा बऱ्यापैकी वर असतो. निफाडच्या दादांना वर जे लिहिलंय तेच, गार हवा खोलगट जागेत उतरते.

तुम्ही रोपं ऑक्टोबरच्या मध्यानंतर लावा, आधी नको, ऑक्टोबर हीट टेरेसवर फार जाणवते. स्वीट चार्ली लवकर येणारी जात आहे, तुमच्या छोट्या थंडीला तीच बरी. रोपाचा मधला गड्डा, जिथून पानं फुटतात तो, मातीच्या वर राहिला पाहिजे, पुरला गेला तर कुजतो. सकाळचं ऊन आणि दुपारी तीननंतर सावली अशी जागा शोधा, कुंडीला पांढरा रंग द्या, काळ्या पिशवीत मुळं शिजतात. फेब्रुवारी संपला की फळं लहान आणि आंबट होत जातील, तो तुमचा दोष नाही, रात्री गार राहत नाहीत म्हणून. पुढच्या वर्षी नवी रोपं आणायची, वाईच्या टेरेसवर जुनी रोपं उन्हाळा काढतील अशी आशा ठेवू नका.

समुद्रासमोर घर आहे. गुलाब, शेवंती काही टिकत नाही, पानांच्या कडा जळतात. आत गावात मामाकडे सगळं येतं. (वाचक, मालवण)

खारा वारा, दुसरं काही नाही. लाटांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर येतात आणि पाणी उडून गेलं की मीठ पानावर राहतं. थोडं आत गेलं, मध्ये माडांची रांग असली की हे खूप कमी होतं, म्हणून मामांकडे जमतं. पुढच्या ओळीत खारं सोसणारी झाडं लावा, उंडी, केवडा, भेंड, नारळ, जागा असेल तर सुरू. चांगली वाढलेली आणि थोडी विरळ अशी रांग तिच्या उंचीच्या जवळपास दहापट अंतरापर्यंत वारा कमी करते. तिच्या आडोशाला बोगनवेल, चाफा, सदाफुली बिनधास्त लावा आणि त्याच्याही आत, घराच्या जमिनीकडच्या बाजूला गुलाब. जोराचा वारा होऊन गेला आणि पाऊस नसेल तर पानं गोड्या पाण्याने धुवून काढा, संध्याकाळी नको, सकाळी. उंडी हळू वाढते, तोवर जाळी बांधा.

नागपुरात मे महिन्यात कुंडीतली झाडं कशी वाचवायची? दोनदा पाणी देऊनही तुळस वाळते. (वाचक, नागपूर)

45 अंशांत स्लॅबवर ठेवलेल्या कुंडीला तीनदा पाणी दिलं तरी पुरणार नाही, कारण स्लॅब हवेपेक्षाही जास्त तापतो. आधी कुंड्या स्लॅबवरून उचला, लाकडी फळी किंवा विटा काहीही चालेल, आणि सगळ्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठी बाहेर, लहान मध्ये. एकत्र ठेवल्या की पानांतून निघणारा ओलावा तिथेच थोडा रेंगाळतो आणि कडेच्या कुंड्यांची सावली मधल्यांवर पडते. घराच्या पूर्वेला जागा असेल तर तिथे न्या. आणि विदर्भातल्या घरांत एक फुकटची जागा असते, कूलर लावलेल्या खोलीची हवा ज्या दारा-खिडकीतून बाहेर जाते त्याच्या पलीकडे. ती हवा गार आणि दमट असते, तुळस तिथे ठेवून बघा, फक्त सकाळचं दोन तास ऊन मिळू द्या. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर मात्र काहीच ठेवू नका, तिथे भट्टीची हवा असते.

मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते, समुद्राच्या बाजूला. मैत्रीण फ्रीमाँटला, तिच्या अंगणात कढीपत्ता माणसाएवढा झालाय, माझा चार पानांवर अडकलाय. इथे उन्हाळ्यातही ऊब नाही. (वाचक, कॅलिफोर्निया)

तुमच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात, तर तासाभराच्या ड्राइव्हमध्ये ऋतू बदलतो. समोरच्या पॅसिफिकचं पाणी उन्हाळ्यातही गार असतं, आतलं खोरं तापलं की तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धुकं घेऊन गोल्डन गेटमधून आत येते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे दुपारी तापमान विशीच्या खाली आणि त्याच वेळी आतल्या खोऱ्यातल्या लिव्हरमोरला तिशीच्या पुढे. शहरातही ट्विन पीक्सच्या टेकड्यांच्या अलीकडे धुकं आणि पलीकडे मिशन भागात ऊन असं असतं. कढीपत्त्याला रात्रीची ऊब लागते, ती तुम्हाला अंगणात मिळणार नाही. काळ्या कुंडीत लावा, दक्षिणेच्या खिडकीत घरातच ठेवा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जे तुमच्याकडचे सगळ्यात उबदार महिने असतात, बाहेर काढा. हिवाळ्यात पाणी अगदी कमी.

आणि कळकळीने सांगते, भारतातून रोप, पानं किंवा बी घेऊन जाऊ नका. कढीपत्त्यावर लिंबूवर्गाचा सिला कीटक येतो आणि त्याच्यातून संत्र्या-लिंबाचा ग्रीनिंग रोग पसरतो, कॅलिफोर्नियात त्यासाठी क्वारंटाईनचे कडक नियम आहेत. मैत्रिणीकडून फांदी आणण्याआधीही तिचा भाग क्वारंटाईनमध्ये येतो का ते बघा, सरळ लायसन्सवाल्या नर्सरीतून घेतलेलं बरं.

टेरेसवर थर्मामीटर लावलाय, तो 52 दाखवतो आणि बातम्यांत 40. थर्मामीटर खराब आहे का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उन्हात लावलाय का? मग तो स्वतः तापलाय, हवा नव्हे. हवामान खातं थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतं, म्हणजे ऊन लागत नाही आणि वारा खेळतो. तुम्ही पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन-तीन बश्या खालीवर बसवून त्यांच्या मधोमध तो टांगा, भिंतीपासून लांब. कमाल-किमान दोन्ही लक्षात ठेवणारा डिजिटल मिळाला तर उत्तम, कारण झाडाला मारतं ते बहुतेक पहाटेचं किमान, आणि तेव्हा आपण झोपलेले असतो. दुसरा एक तसाच थर्मामीटर कुंडीच्या उंचीवर, झाडाच्या सावलीत ठेवा. दोन्हींतला फरक महिनाभर वहीत लिहा. पुढच्या अंकासाठी ती पानं आमच्याकडे पाठवा, सोबत मजला, बाल्कनी किंवा टेरेसची दिशा आणि जवळ पाणी, टेकडी, मोठा रस्ता काय आहे ते लिहा. वेगवेगळ्या गावांतून आलं तर पुढच्या वर्षी कुठल्या कोपऱ्यात काय लावावं हे सांगणं सोपं जाईल.